नानांच्या मेंदूतला कंट्रोल फोन

पाचोरा पॅसेंजर

नाना, म्हणजे माझे वडील, भुसावळ विभागात स्टेशन मास्तर होते. म्हसावद, माहेजी, कजगाव अशा छोट्या स्टेशनांवर त्यांची उभी हयात गेली. पाच वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खांदा आखडला. एका दवाखान्यात वर्षभर खांद्याच्याच गोळ्या आणि शेक चालला. मग अक्षर बारीक व्हायला लागलं. आयुष्यभर ट्रेन रजिस्टर ठसठशीत अक्षरात भरणाऱ्या माणसाची सही मुंगीएवढी झाली, तेव्हा आम्ही दुसरीकडे दाखवलं. पार्किन्सन निघाला. आपल्याकडे कंपवात म्हणतात तो.

गेल्या पावसाळ्यात काकांना लकवा मारला. डावा हात गेला. म्हणजे एकाच घरात मेंदूची दोन दुखणी. आणि तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. नाना सकाळी खाटेवर लाकडासारखे पडलेले असतात, कूस बदलायलाही हात द्यावा लागतो. एक गोळी घेतली की पाऊण तासाने स्वतः उठून धोतराचा काष्टा मारतात. काकांच्या हातासाठी मात्र अशी कुठलीच गोळी नाही. बिघाड दोघांचाही मेंदूतच, मग एकाला गोळी लागू पडते आणि दुसऱ्याला का नाही?

मी फार्मसी शिकलोय, मेडिकल चालवतो. गोळीत काय आहे ते मला माहीत आहे. लिव्होडोपा. पार्किन्सनमध्ये मेंदूत डोपामीन नावाचं संदेश देणारं रसायन कमी पडतं. डोपामीन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, लिव्होडोपा शिरतं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामीन होतं. सोबत कार्बिडोपा असतं, ते वाटेतच हे रूपांतर होऊ देत नाही. हे सगळं पाठ आहे. पण गोळी तर पूर्ण मेंदूभर पसरते. ८६ अब्ज चेतापेशी, एकेकीला हजारो जोडण्या. एवढ्या तारांच्या गुंत्यात नेमकी तुटलेली तार शोधून ती गोळी कशी जोडते? इथे मी अडकलो होतो.

उत्तर नानांनीच दिलं, तेही न विचारता. दिवाळीत ओट्यावर बसलो होतो. नातवाने विचारलं, आजोबा, तुमच्या काळी मोबाईल नव्हते तर गाड्या एकमेकींवर आदळायच्या नाहीत का? नाना म्हणाले, आमच्या टेबलावर दोन यंत्रं असायची.

एक ब्लॉक इन्स्ट्रुमेंट. ते फक्त शेजारच्या स्टेशनाशी बोलतं. गाडी पुढे सोडायची तर घंटीच्या ठोक्यांनी शेजाऱ्याला विचारायचं, त्याने लाईन क्लियर दिली की मगच सोडायची. ती गाडी शेपटीसकट पोचली असं त्याने कळवेपर्यंत मधल्या टप्प्यात दुसरी गाडी घालायची नाही.

दुसरा कंट्रोल फोन. सेक्शनमधली सगळी स्टेशनं तारेच्या एकाच जोडीवर टांगलेली. भुसावळला कंट्रोलर बसलेला, समोर चार्ट, आडवी वेळ आणि उभी स्टेशनं, त्यावर पेन्सिलीने गाड्यांच्या रेघा. तो एकाला हाक मारायचा, पण फोन उचलला तर कुणालाही सगळं ऐकू यायचं.

नातू म्हणाला, दोन कशाला? नानांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत देतो: "ब्लॉक तुटला तर त्या दोन स्टेशनांमधली गाडी अडते. कंट्रोल मेला तर एकही तार तुटलेली नसते, सिग्नल पडतात, गाड्याही चालतात, पण सगळा सेक्शन सुस्त पडतो. कुणाला आधी काढायचं, कुणाला लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घ्यायचं, कुणालाच काही उमगत नाही. जो तो दुसऱ्याची वाट पाहत बसतो."

अंगावर काटा आला. ते त्यांच्याच शरीराचं वर्णन करत होते आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं. त्यांच्या पायातली ताकद गेलेली नाही. मेंदूपासून पायापर्यंतची तार शाबूत आहे. फक्त कंट्रोल गप्प झालंय.

काकांचं उलट. तिथे रक्तपुरवठा बंद पडून ब्लॉकची तारच जळाली. कुठल्या स्टेशनापासून कुठल्या स्टेशनापर्यंत, हे ज्या तारेला ठाऊक होतं ती तारच उरली नाही. गोळीला पत्ता कळत नाही.

आता माझी समजूत नीट मांडतो, चुकत असेन तर सांगा. मेंदूतल्या बहुतेक जोडण्या ब्लॉकसारख्या, या पेशीकडून त्या पेशीला. स्पेनच्या काहालने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितलं की चेतापेशी सुट्या सुट्या असतात. इटलीचा गोल्जी म्हणत होता की सगळं एकसंध जाळं आहे. १९०६ सालचं नोबेल दोघांना विभागून मिळालं, एकमेकांचं म्हणणं न पटूनही. पुढे काहाल बरोबर ठरला. पेशीतून जाणारा संदेश म्हणजे एक मिलिसेकंदाचा विजेचा ठोका, साधारण व्होल्टच्या दहाव्या भागाएवढा. एक ठोका गेला की ती तार क्षणभर बंद, लगेच दुसरा जात नाही. नानांना हे सांगितलं तर म्हणाले, मग ब्लॉकच तो.

पण मेंदूच्या बुडाशी एक काळपट पट्टा आहे. त्यातल्या डोपामीन बनवणाऱ्या पेशी काही लाखच. ८६ अब्जांत काही लाख म्हणजे जळगाव जिल्ह्यात चार-पाच घरं. पण एकेका पेशीच्या फांद्या एवढ्या फुटतात की ती लाखो ठिकाणी पोचते, आणि तिचं डोपामीन दोन पेशींमधल्या फटीतून बाहेर झिरपून आजूबाजूच्यांनाही लागतं. हे प्रक्षेपण झालं, आकाशवाणीसारखं. पार्किन्सनमध्ये हेच केंद्र हळूहळू बंद पडतं. जवळपास निम्म्या पेशी गेल्यावर मग कुठे हात थरथरायला लागतो.

म्हणून गोळी चालते. प्रक्षेपणाला पत्ता लागत नाही, नुसती पातळी राखावी लागते.

तुमच्या घरात, ओळखीत कुणी असेल तर लिहा. आणि ज्यांना या विषयातलं कळतं त्यांनी माझं कुठे चुकलं ते स्पष्ट सांगा.

शंकेखोर

लिहिलंय तळमळीने आणि नानांचं वाक्य तर विसरता येणार नाही. पण एक हरकत नोंदवतो.

ज्या काळात जे यंत्र नवं, त्याची उपमा मेंदूला लावायची सवय जुनी आहे. टेलिफोन आला तेव्हा मेंदू म्हणजे एक्स्चेंज होता, मग संगणक झाला, आता इंटरनेट. तुम्ही रेल्वे लावली. उपमा लागली म्हणजे कारण कळलं असं होत नाही.

आणि मुद्द्याचं: कंट्रोलर बोलतो. "कजगाव, मालगाडी लूपला घे, मेल पुढे काढ." त्यात मजकूर आहे. डोपामीनमध्ये कुठला मजकूर? ते फक्त कमी असतं किंवा जास्त. मग ते कंट्रोल कसलं?

केळीची बाग

शंकेखोर भाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी विहिरीवरून देतो. आमची बाग रावेर तालुक्यात.

उन्हाळ्यात सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं. तेव्हा मोटर जळालेली नसते, केबल तुटलेली नसते, स्टार्टर दाबला की आत लागतोही. मोटर नुसती गुणगुणते, पाणी उचलत नाही. व्होल्टेजमध्ये काही मजकूर असतो का? नसतो. ते कमी किंवा जास्त, एवढंच. पण त्या एवढ्यावर अख्ख्या शिवाराचं पाणी अडतं.

माझ्या मोठ्या आईला हाच आजार होता. माय दारापर्यंत चालत यायची आणि उंबऱ्याशी थांबायची. पाय जमिनीला खिळल्यासारखे. "मना पाय चिकटी ग्या रे" म्हणायची. शरीर पुढे जायला बघतंय आणि पाय थरथरताहेत, पण उचलत नाहीत. मला दर वेळी ती गुणगुणणारी मोटर आठवायची. तेव्हा गोळ्यांचं आम्हाला नीट कळत नव्हतं. वाईट वाटतं आजही.

शंकेखोर

मोटरचं पटलं. पण मग सगळ्या मोटारी सारख्याच मंदावतात. मेंदूत तसं होतं का?

धुळ्याची न्यूरोवाली

मी धुळ्यात मेंदूविकारांची प्रॅक्टिस करते. धागाकर्त्यांची समजूत मुळात बरोबर आहे, थोडी भर घालते.

शंकेखोरांचा दुसरा प्रश्न नेमका आहे. नाही, सगळ्या सारख्या मंदावत नाहीत. हालचाल निवडणाऱ्या भागात दोन तऱ्हेच्या पेशी शेजारी शेजारी असतात. एकींवर डी-१ ग्राहक, म्हणजे डोपामीन पकडणारे रेणू, दुसऱ्यांवर डी-२. डोपामीन तेच, पण पहिल्या त्याने चेततात आणि दुसऱ्या शांत होतात. पहिल्यांचं काम 'चल', दुसऱ्यांचं काम 'थांब'. म्हणजे डोपामीन भरपूर असलं की चल मोठं आणि थांब लहान. ते आटलं की उलट. मजकूर प्रक्षेपणात नसतो, ऐकणाऱ्यात असतो.

केळीवाल्या दादांच्याच भाषेत सांगायचं तर ऑक्टोबरात रेडिओवर "उद्या पाऊस" एवढंच सांगितलं, तर ज्याच्या कापसाची बोंडं फुटलीत तो मजूर गोळा करून आज रात्रीपर्यंत वेचणी उरकायला धावतो. ज्याला हरभरा पेरायचाय तो ओल मिळणार म्हणून तिफण थांबवून बसतो. बातमी एकच. एक धावला, एक थांबला.

हे कळायला सुरुवात झाली ती १९५७ च्या सुमारास. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं. रिसर्पिन म्हणजे आपल्या सर्पगंधेच्या मुळीतलं द्रव्य, रक्तदाबावर वापरायचे. ससे कान पाडून निपचित बसले. मग लिव्होडोपा टोचलं आणि थोड्याच वेळात ते हिंडू लागले. एकही तार न जोडता. कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं.

आता सावधगिरीचं. तुमच्या उपमेत एक जागा कच्ची आहे. डोपामीनच्या पेशी नुसती पातळी राखत नाहीत, अपेक्षेपेक्षा चांगलं काही घडलं की नेमक्या क्षणी ठोकाही देतात. गोळी पातळी देते, तो ठोका देत नाही. सुरुवातीची काही वर्षं उरलेल्या पेशी गोळीचं डोपामीन साठवून हळूहळू सोडतात म्हणून दिवस सपाट जातो. पुढे साठवायला पेशीच उरत नाहीत, मग गोळी चढली की चालतात आणि उतरली की अडकतात. रुग्ण याला ऑन-ऑफ म्हणतात. अशा वेळी मनाने गोळी वाढवू नका, आणि एकदम बंद तर कधीच करू नका.

नानांची गोळी जेवणासोबत देत असाल तर ती अर्धा-पाऊण तास आधी द्या. दूध, डाळ, मटण यातल्या प्रथिनांचे घटक आणि लिव्होडोपा एकाच दारातून आत जातात. दारात गर्दी झाली की गोळी मागे राहते. पोटात मळमळलं तर एखादं बिस्कीट चालेल.

आणि काकांसाठी: तारेवर गोळी चालत नाही हे खरं, पण सराव चालतो. शेजारच्या शाबूत पेशी वापराने नव्या वाटा धरतात. पहिल्या काही महिन्यांत हे सगळ्यात वेगाने होतं. डावा हात झोळीत ठेवून देऊ नका. रोज, शेकडो वेळा, कामाला लावा. वाटी धरणं, कुलूप फिरवणं, ज्वारी निवडणं, काहीही.

राउटरवाला

मी एका कॉलेजच्या संगणक विभागात नेटवर्क सांभाळतो. नानांच्या दोन यंत्रांची जोडी आमच्याकडे अजून तशीच आहे, म्हणून लिहावंसं वाटलं.

लॅबमधल्या एका संगणकाला दुसऱ्याशी बोलायचं असतं पण त्याचा हार्डवेअर पत्ता माहीत नसतो, तेव्हा तो आधी सगळ्यांना ओरडून विचारतो, "हा क्रमांक कुणाचा?" ज्याचा असेल तोच उत्तर देतो, आणि मग पुढचं सगळं बोलणं दोघांतच. म्हणजे आधी दवंडी, मग निरोप. नुसत्या दवंडीवर चालवलं तर तारा भरून जातील. नुसत्या निरोपावर चालवलं तर सुरुवातच होणार नाही.

एकदा परीक्षेच्या आदल्या दिवशी आख्खी लॅब बंद पडली. सगळे दिवे एका लयीत फडफडत होते, पण एकाही संगणकाला काही मिळत नव्हतं. तीन तास शोधल्यावर सापडलं: कुणीतरी एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये, म्हणजे सगळे संगणक जोडणाऱ्या डब्यात, खोचली होती. एक दवंडी फिरून परत आत, पुन्हा बाहेर, दर फेरीला वाढत. आम्ही याला ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतो. हा घोळ टाळायची रीत राडिया पर्लमन यांनी १९८५ साली काढली: जादा वाटा असू द्या, पण एका वेळी फेरा होणाऱ्या वाटा आपोआप बंद ठेवा. आमच्या जुन्या स्विचवर ती सोय चालू केलेली नव्हती.

तो एका लयीत फडफडणारा दिवा मला पार्किन्सनबद्दल वाचताना आठवला. डोपामीन आटल्यावर मेंदूच्या त्या भागातल्या पेशी सेकंदाला १३ ते ३० ठोक्यांच्या लयीत एकसाथ धडकायला लागतात असं वाचलंय. सगळेच एका तालात बोलतात म्हणून कुणाचंच ऐकू येत नाही. बारीक तार आत घालून विजेचे ठोके देण्याचं ऑपरेशन करतात, ते हा फेरा तोडण्यासाठीच का? डॉक्टर मॅडमनी सांगावं.

धुळ्याची न्यूरोवाली

हो, बऱ्याच अंशी. सेकंदाला साधारण १३० ठोके देतात आणि ती अडकलेली लय विस्कटते. नेमकं कसं, यावर अजून काम चालू आहे. सगळ्यांना ते ऑपरेशन लागत नाही, चालतही नाही.

पांझराकाठ

साक्रीकडचा आहे. दवंडी आणि निरोप वाचून आमचा फड, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर भिजणारा शेतांचा पट्टा, आठवला. पांझरेवरच्या बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, चारीतून वाफा. पाणी देतो पाटकरी, ज्याची पाळी त्यालाच. तो झाला तुमचा ब्लॉक. पण यंदा कुठल्या फडात कुठलं पीक घ्यायचं हे एकट्याने ठरवता येत नाही, ते गाव बसून ठरवतं आणि सगळ्यांना लागू होतं. ऊस ठरला तर त्या फडात सगळ्यांचा ऊस.

मनात आलं ते लिहिलं. माझ्या वडिलांना लकवा आहे. ज्वारी निवडण्याचं उद्यापासून सुरू करतो. मॅडमचे आभार.

चोपड्याची सून

माझ्या सासऱ्यांना कुणीतरी खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण सांगितलंय. सातपुड्यात मिळतात म्हणे. गोळीऐवजी देऊ का? गोळ्या महिन्याला बऱ्याच पडतात.

पाचोरा पॅसेंजर

ताई, माझ्या काउंटरवर हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो. खाजकुइलीच्या बियांत लिव्होडोपा खरोखरच असतं. मद्रासच्या संशोधकांनी ते १९३७ साली वेगळं करून दाखवलं, आणि आयुर्वेदात कंपवातावर ती जुनी आहे. म्हणूनच भीती वाटते. एका बीत किती आहे ते दर झाडागणिक बदलतं. गोळीसोबत चूर्ण दिलं तर डोस दुप्पट होऊन हातपाय आपोआप वळवळायला लागतात, भास होतात, उठताना रक्तदाब पडतो. गोळीऐवजी दिलं तर एखाद्या दिवशी कमी पडून माणूस खाटेला खिळतो. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका. पैशांची अडचण असेल तर जेनेरिक गोळी मागा, घटक तोच असतो.

शंकेखोर

मी सुरुवातीला जे लिहिलं ते मागे घेत नाही, उपमेने कारण कळत नाहीच. पण या धाग्यावर उपमा तपासली गेली, कुठे टिकते आणि कुठे नाही ते बाहेर आलं. एक शेवटचा प्रश्न. आकाशवाणीला श्रोत्याचं ऐकू येत नाही. डोपामीनच्या केंद्राला काही उलट ऐकू येतं का? नाहीतर कंट्रोल फोन म्हणू नका, रेडिओच म्हणा.

केळीची बाग

रेडिओलाही ऐकू येऊ शकतं भाऊ. पुणे केंद्राने १९५६ साली १५० गावांत शेतकऱ्यांची मंडळं केली होती. कार्यक्रम ऐकायचा, बसून चर्चा करायची आणि प्रश्न केंद्राला पाठवायचे, पुढच्या कार्यक्रमात उत्तर यायचं. माझ्या आजोबांना याचं भारी कौतुक होतं. ते म्हणायचे, नुसतं सांगणारा रेडिओ गावात टिकत नाही.

धुळ्याची न्यूरोवाली

येतं. ज्या भागावर डोपामीन पडतं, त्याच भागातून तारा परत त्या काळपट पट्ट्याकडे जातात. कंट्रोल फोन म्हणायला हरकत नाही.

पाचोरा पॅसेंजर

काल रात्री सगळे प्रतिसाद नानांना वाचून दाखवले. मॅडमचं शेवटचं उत्तर ऐकून म्हणाले, "बरोबर. आम्ही गाडी निघाल्याची वेळ कळवायचो तेव्हाच त्याच्या चार्टवर रेघ पुढे सरकायची. स्टेशनांनी बातमी दिली नाही तर कंट्रोलर आंधळा." मोटरचं ऐकून बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, त्या माउलीला उंबऱ्यावर आडवी काठी टाकून द्यायला हवी होती, ओलांडायला.

हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. त्यांनी स्वतः शोधलंय. पाय चिकटला की ते थांबतात, मोठ्याने म्हणतात, "लाईन क्लियर शे", आणि पाऊल टाकतात. दहातले सात-आठ वेळा पडतं. मॅडमना फोनवर विचारलं तर त्या म्हणाल्या की आपोआप होणारी चाल बिघडलेली असते, पण डोळ्यांनी किंवा कानांनी खूण दिली की मेंदू दुसऱ्या वाटेने तेच पाऊल टाकतो. म्हणून जमिनीवरच्या आडव्या रेघा, टाळ्यांचा ठेका, मोजणी, हे सगळं उपयोगी पडतं.

गोळीची वेळ बदलली. भाकरी साडेआठला, गोळी पावणेआठला. तीन दिवस झाले, दुपारचं अडकणं कमी वाटतंय. काका झोळी काढून सकाळी ओट्यावर ज्वारी निवडायला बसतात, नाना शेजारी बसून मोजतात.

आज खाटेपासून न्हाणीघरापर्यंत पिवळी चिकटपट्टी लावायला घेतली. मी ६० सेंटिमीटरवर खुणा केल्या, किलोमीटरला १६६० स्लीपर म्हणजे तेवढंच अंतर पडतं, नानांना ओळखीचं वाटेल म्हणून. नाना भिंतीला धरून आले, पहिल्या दोन खुणांमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, एवढं पाऊल आता पडत नाही रे, चाळीसवर घे.

सगळ्या पुसल्या. चाळीसवर घेतल्या.